हजार विड्या आणि एक घर : सोलापूरजवळच्या कुंभारीचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळच्या वेळी गल्लीतून गेलं, तर उंबऱ्यात, ओट्यावर, जिन्याच्या पायरीवर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. तेंदूपत्ता आदल्या रात्री ओला करून फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. तो फार सुकला तर तडकतो आणि फार भिजला तर बुरशी धरतो. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळायचं, तोंड नखानं दुमडायचं आणि दोरा बांधायचा. मग पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथला तपासनीस त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही, पान-तंबाखूचा हिशेब मात्र बाईलाच द्यावा लागतो.

या कामात कारखानदार पान देतो, तंबाखू देतो, दोरा देतो. जागा देत नाही. काम करायची जागा कामगार बाईनं आपल्या घरातून काढायची असते. ते घर बहुधा दहा बाय दहाची भाड्याची खोली. त्यातच चूल, त्यातच पाळणा, त्यातच तेंदूपत्त्याचं गाठोडं. पावसाळ्यात छत गळलं की आधी पान आणि तंबाखू उचलून कोरड्या जागी ठेवावी लागते, कारण ती भिजली तर आठवड्याची मजुरी गेली. म्हणजे ती जे भाडं भरते ते राहण्याचं आणि कामाच्या जागेचंही असतं. किमान वेतन ठरवताना हा खर्च कुठे धरलेला दिसत नाही.

हे आधी सांगतोय, कारण सोलापूरच्या विडी कामगारांच्या घरांबद्दल बोलताना लोक चटकन ‘गरिबांना पक्की घरं मिळाली’ इथवर येऊन थांबतात. घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचं घर येतं तेव्हा ती एक प्रकारची वेतनवाढही असते. शहराबाहेरच्या कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. ते कसं घडलं आणि कुठे अडलं, ते पैशांच्या अंगानं पाहिल्याशिवाय समजत नाही.

शहर आणि त्याचे कामगार

सोलापूर हे गिरण्यांचं शहर. जुनी मिल, नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी ही नावं अजून लोकांच्या पत्त्यांत आहेत, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. त्यांच्याबरोबरीनं हातमाग आणि पुढे यंत्रमाग वाढले. चादर आणि टॉवेल ही शहराची ओळख झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी अशी तिथली रीत. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी कुटुंबाची दोन चाकं ठरून गेली. माग मंदीत बंद पडला की विडीवर घर चालायचं. शहरात विडी वळणाऱ्या बायकांचा आकडा साठ ते सत्तर हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. सोलापूरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती, हे लक्षात घेतलं तर शहराचं किती पोट या सुपावर आहे ते कळतं.

या कामगारांसाठी कायद्यांची उणीव नव्हती. विडी-सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६चा. विडी कामगार कल्याण उपकर आणि कल्याण निधी यांचे कायदे १९७६चे. १९७७पासून विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. दर हजार विड्यांमागे उपकर गोळा व्हायचा आणि त्या निधीतून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीचं अनुदान यांची सोय होती. कागदावर हे सगळं देशभर होतं. पण देशाच्या बऱ्याच भागांत विडी कामगार ठेकेदाराच्या वहीत असतात, कारखान्याच्या नोंदवहीत नसतात. नोंद नाही म्हणजे फंड नाही, ओळखपत्र नाही आणि अनुदानही नाही.

सोलापुरात बाई स्वतः कारखान्याच्या शाखेत जाऊन पान-तंबाखू आणते आणि विड्या जमा करते. तिचं नाव नोंदवहीत असतं आणि तिला फंडाचा नंबर असतो. यामागे कामगार संघटनांची कित्येक वर्षांची भांडणं आहेत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा पाया इथे आहे, आणि नेमका याच्यावरच सर्वांत कमी लिहिलं जातं. घराची मागणी पुढे आली तेव्हा ‘लाभार्थी कोण?’ हा प्रश्न आधीच सुटलेला होता. यादी नव्यानं करायची नव्हती, ती कारखान्याच्या वहीत होती.

साठ हजारांचे तीन वाटे

माकपचे नेते आणि सोलापूरचे तीनदा आमदार झालेले नरसय्या आडम, ज्यांना सगळं शहर आडम मास्तर म्हणतं, यांनी सिटू या कामगार संघटनेतल्या विडी कामगारांना घेऊन घराची मागणी लावून धरली. वसाहतीला नाव ठरलं गोदावरी परुळेकरांचं. वारली आदिवासींच्या उठावातल्या त्याच गोदूताई. सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि शहराबाहेर, अक्कलकोटच्या वाटेवर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीच्या हद्दीत जमीन घेतली गेली.

जमीन कामगारांनी स्वतःच्या पैशांनी घेतली. सरकारी घरकुल योजना सहसा सरकारी जमिनीची वाट पाहत राहते. ती जमीन कुठल्या आरक्षणात अडकलेली असते, कुणाच्या अतिक्रमणात असते, किंवा फाइल दोन खात्यांमध्ये फिरत असते. इथे हजारो बायकांनी थोडे थोडे पैसे भरून शेतजमीन विकत घेतली आणि मग सरकारच्या दारात गेल्या. ‘आम्हाला जागा द्या’ असं न म्हणता ‘जागा आमची आहे, तुमचा वाटा द्या’ असं म्हणायची सोय झाली. शहरालगतची जमीन एकट्या बाईला कुणी हप्त्यानं देत नाही. दहा हजार बायका एकत्र आल्या की त्याच गिऱ्हाईक म्हणून वजनदार ठरतात.

घराचा खर्च धरला होता साठ हजार रुपये. वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार कामगाराचे. दहा हजार घरं. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं वाटप झालं.

यातल्या तिसऱ्या वाट्याकडे जरा थांबून पाहू. वीस हजार ही रक्कम आज लहान वाटते, पण विडी वळणाऱ्या बाईसाठी तेव्हा ती डोंगराएवढी होती. तरीही ती आवाक्यात होती, कारण तिची विभागणी होऊ शकत होती. थोडं आधी भरायचं, थोडं बांधकामाच्या टप्प्यावर, थोडं कर्ज. फंडात साठलेल्या पैशांतून घरासाठी आगाऊ उचल घेता येते, तशी भविष्य निर्वाह निधीच्या नियमांतच तरतूद आहे. म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशाला हात लावावा की नाही, यावर मतं असू शकतात. माझं मत असं की भाड्याच्या खोलीतल्या बाईचं म्हातारपण घर नसल्यामुळेच सर्वांत जास्त धोक्यात येतं. त्यामुळे ती उचल वाया गेली असं म्हणता येणार नाही.

भाडं थांबल्यावर

हिशेबापुरते काही आकडे धरू. ते कुणा एका कुटुंबाचे नाहीत, चित्र समजावं म्हणून घेतलेत. एक बाई दिवसाला आठशे विड्या वळते. हजाराला दोनशे रुपये मजुरी धरली तर दिवसाचे एकशे साठ. महिन्यातले बावीस दिवस पान मिळालं तर तीन हजार पाचशे वीस. खोलीचं भाडं दीड हजार. म्हणजे तिच्या मजुरीच्या पाच हिश्श्यांतले दोन हिस्से पहिल्या तारखेलाच गेले. शिवाय वीजबिल घरमालक सांगेल ते, पाण्याच्या वेळा तो ठरवेल त्या, आणि अकरा महिन्यांनी ‘खोली रिकामी करा, भाचा येतोय’ हे ऐकायची तयारी.

खोली बदलण्याचा खर्च कुणी मोजत नाही. नवी अनामत, सामान हलवायचा टेम्पो, मुलांची शाळा लांब पडणं, रेशनकार्डावरचा पत्ता, आणि नव्या गल्लीत उसनंपासनं मिळायला लागणारा वेळ. गरीब कुटुंबाची खरी पत बँकेत नसते, ती शेजारी आणि किराणा दुकानदाराकडे असते. खोली बदलली की ती पत शून्यापासून पुन्हा उभी करावी लागते. ज्यानं हे केलंय त्यालाच कळेल की मार्च महिन्यात खोली सोडावी लागली तर दहावीच्या मुलीचं काय होतं.

कुंभारीच्या घरानं ही गळती थांबवली. भाड्याचे पैसे घरात राहू लागले. बैठं घर असल्यामुळे हळूहळू वाढवता येतं. आधी पत्र्याची शेड, मग एक जादा खोली, मग समोर छोटं दुकान. इमारतीतल्या फ्लॅटला हे जमत नाही, आणि घरात काम करणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा असतो. विडीचं काम चुलीपासून आणि पाळण्यापासून वेगळं करता येतं. तंबाखूची धूळ अंथरुणात यायची ती थोडी कमी होते. विडी कामगारांच्या खोकल्याबद्दल आणि दम्याबद्दल डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. खोकल्यावरचा खरा इलाज जादा खोली आहे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट. दहा हजार विडी कामगार एका ठिकाणी राहायला आले की कारखान्यालाही शाखा जवळ आणणं परवडतं. विखुरलेल्या बाईला रोज शाखेपर्यंत पायपीट करावी लागते. एकगठ्ठा वस्तीकडे शाखा स्वतः चालत येते. वसाहतीचा आकार हा कित्येकदा गैरसोयीचा म्हणून टीकेचा विषय होतो, आणि काही बाबतींत ती टीका खरीही आहे. पण उपजीविकेच्या बाबतीत इथे आकारच उपयोगी पडला.

जे घरानं सुटलं नाही

घर मिळालं तरी मजुरी तीच राहिली. शासनानं जाहीर केलेला किमान दर आणि प्रत्यक्ष हातात पडणारा दर यांतली तफावत हा सोलापूरचा जुना वाद आहे. त्यावर मोर्चे निघत राहिले, आणि ‘दर वाढवला तर कारखाने बंद करू’ हे उत्तरही येत राहिलं. धूम्रपानविरोधी कायदा २००३चा. पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र २०१६पासून ८५ टक्के जागा व्यापू लागले. २०१७ला जीएसटी आला आणि विडीवर २८ टक्के कर बसला. सार्वजनिक आरोग्यासाठी विडी कमी व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विडी कमी होताना ती वळणाऱ्या बाईचं काय, याचं उत्तर कुठल्याही कायद्याबरोबर आलं नाही.

त्याच २०१७ साली आणखी एक गोष्ट झाली, ती फार कमी लोकांच्या लक्षात आली. जीएसटीबरोबर अनेक उपकर रद्द झाले, त्यांत विडी कामगार कल्याण उपकरही गेला. ज्या पैशातून घरकुलं, शिष्यवृत्त्या आणि दवाखाने चालायचे त्याचा स्वतःचा झरा आटला. तेव्हापासून कल्याण योजना सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षी जे मिळेल त्यावर चालतात. कामगारानं वळलेल्या प्रत्येक हजार विड्यांमधून कामगारासाठी बाजूला पडणारा हक्काचा पैसा आणि अंदाजपत्रकातली तरतूद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घर मिळाल्यावर कर्जाचीही नवी दारं उघडतात, आणि ती सगळीच चांगली नसतात. पक्कं घर आणि कायमचा पत्ता असलेल्या बाईकडे मायक्रोफायनान्सचे लोक आधी पोचतात. गटातल्या बायका एकमेकींच्या जामीन, हप्ता आठवड्याचा, वसुलीचा माणूस दारात. मुलीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, घराची जादा खोली, प्रत्येक कारणासाठी एक कर्ज. दुसऱ्या कर्जानं पहिल्याचा हप्ता भरायचा. २०२०च्या टाळेबंदीत विडी कारखाने बंद झाले तेव्हा हे सगळं उघडं पडलं. मजुरी थांबली, पण हप्त्यांचा तगादा थांबला नाही. डोक्यावर स्वतःचं छप्पर होतं म्हणून रस्त्यावर यावं लागलं नाही, हे खरं. पण आर्थिक स्थैर्य म्हणजे एवढंच नसतं. एक महिना काम नसलं तरी कर्ज न काढता निभावता आलं पाहिजे. त्या कसोटीला घर एकटं पुरत नाही.

मला वाटतं, वसाहत उभी करताना बायकांची बचत आणि कर्ज यांची स्वतःची पतसंस्था तितक्याच ताकदीनं उभी करायला हवी होती. दहा हजार कुटुंबांना एकत्र आणून जमीन घेता येते, तर त्याच दहा हजारांना अडीअडचणीला रास्त व्याजानं कर्ज देणारी संस्थाही काढता येते. गृहनिर्माण संस्थेकडे सभासद होते, हिशेबाची सवय होती, एकमेकींवर विश्वास होता. हप्ते भरायची शिस्त त्या बायकांनी जमीन घेतानाच दाखवली होती.

तीस हजारांचं रे नगर

गोदूताई वसाहतीनंतर थांबायचं नाही असं ठरलं आणि पुढचं काम आणखी मोठं धरलं गेलं. त्याच कुंभारीच्या परिसरात रे नगर, तीस हजार घरं. या वेळी विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरावेचक, रिक्षावाले, असंघटित क्षेत्रातले सगळेच. योजना प्रधानमंत्री आवास योजना, शहरी. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ला पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं.

एका कम्युनिस्ट नेत्याचा प्रकल्प, वाटप करणारे पंतप्रधान एकदा काँग्रेसचे आणि एकदा भाजपचे. पायाभरणीच्या कार्यक्रमात आडम मास्तरांनी मोदींची स्तुती केली म्हणून त्यांच्या पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबितही केलं. राजकारणाच्या चर्चेत ही बातमी बरीच रंगली. घराच्या अंगानं पाहिलं तर त्यातून एवढं दिसतं की दहा-पंधरा वर्षं चालणारं काम कुठल्याही एका सरकारच्या मुदतीत बसत नाही. सरकारं बदलतात, योजनेचं नाव बदलतं. तेव्हा काम टिकतं ते लोकांची संस्था, लोकांची जमीन आणि सतत पाठपुरावा करणारं कुणीतरी असेल तरच.

आता पैशाकडे येऊ, कारण इथेच पहिल्या आणि दुसऱ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा फरक आहे. पायाभरणीच्या वेळी सरकारनं जाहीर केलेला एकूण खर्च १,८११.३३ कोटी रुपये, त्यात केंद्र आणि राज्याची मिळून मदत ७५० कोटी. तीस हजारांनी भागलं तर घरामागे सहा लाखांच्या थोडं वर खर्च, आणि अडीच लाख अनुदान, त्यात दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. उरले साडेतीन लाख. पाणी, रस्ते, सांडपाणी यांसाठी वेगळी मदत मिळते तितका हा भार हलका होतो, पण कुटुंबाच्या वाट्याला येणारी रक्कम तरीही मोठीच राहते.

गोदूताई वसाहतीत कामगाराचा वाटा एक तृतीयांश होता. या आकड्यांप्रमाणे तो निम्म्याहून वर जातो. वरच्याच उदाहरणातली बाई घेतली, हजाराला दोनशे मिळवणारी, तर साडेतीन लाख म्हणजे साडेसतरा लाख विड्या. दिवसाला आठशे, महिन्याला बावीस दिवस, या वेगानं आठ वर्षांपेक्षा जास्त काळाची सगळीच्या सगळी मजुरी. तेवढं कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता साडेतीन हजारांच्या वर जातो. म्हणजे तिची पूर्ण कमाई. दोन लाखांचंच कर्ज घेतलं तरी हप्ता दोन हजारांच्या पुढे, आधीच्या दीड हजार भाड्यापेक्षा जास्त. नवऱ्याची कमाई, मुलाची कमाई जोडून हा हप्ता भरला जातो, आणि बरीच कुटुंबं तो नेटानं भरतातही. पण पहिल्या प्रकल्पात घर मिळाल्यावर महिन्याचा खर्च कमी झाला होता. दुसऱ्यात पहिली पंधरा वर्षं तो वाढतो. अनुदानाची रक्कम वर्षानुवर्षं तीच राहते, सिमेंट, सळई आणि मजुरी वाढत जाते, आणि फरक कुटुंबानं भरायचा असतो. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सर्वांत काळजीचा मुद्दा हाच.

योजनेतली एक तरतूद मात्र मनापासून चांगली आहे. घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावं लागतं. नवऱ्याच्या व्यसनापायी भांडी विकली गेलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको. घराच्या कागदावर सही तिची लागते, म्हणून ते सावकाराकडे गहाण पडायलाही एक अडसर राहतो.

जागेचा प्रश्न दुहेरी आहे. अक्कलकोट रोडवर एमआयडीसी आहे, यंत्रमाग आहेत, त्यामुळे मागावरच्या कामगाराला कुंभारी सोयीची. पण धुणंभांडी करणारी, भाजीची गाडी लावणारी, कचरा वेचणारी बाई शहराच्या पोटातच कमावते. तिला रोज शेअर रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं लागतं आणि परतताना अंधार. शहराची बससेवा बरीच वर्षं खिळखिळी आहे. तीस हजार घरं म्हणजे सव्वा-दीड लाख माणसं, एक अख्खं शहर. त्याला पाणी लागतं, शाळा लागतात, दवाखाना, पोलीस चौकी, बस लागते. सोलापूर शहरालाच उजनीचं पाणी काही दिवसांआड मिळतं, तिथे शेजारी उभ्या राहिलेल्या या दुसऱ्या शहराचं पाणी हा बांधकामाइतकाच मोठा विषय आहे. उद्या तिथली काही घरं कुलूपबंद दिसली किंवा भाड्यानं गेलेली दिसली, तर ‘लोकांना गरजच नव्हती’ असा निष्कर्ष काढायची घाई होईल. तसं म्हणण्याआधी त्या घरातल्या बाईचं काम कुठे आहे आणि तिथवर जायला रोज किती पैसे लागतात, हे विचारावं.

दुसऱ्या गावात हे करायचं असेल तर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सिन्नर अशा गावांत काम करणारे लोक सोलापूरचं उदाहरण देतात आणि ‘तिथे आडम मास्तर होते, आमच्याकडे कोण?’ असं म्हणतात. नेत्याचं महत्त्व नाकारायचं कारण नाही. पण नेत्याइतकंच, किंवा त्याहून जास्त, महत्त्व कामगाराची नोंद कारखान्याच्या वहीत असण्याला आहे. जिथे ठेकेदाराच्या वहीतच सगळं चालतं, तिथे पहिली दोन-तीन वर्षं घराचं नाव न काढता ओळखपत्र आणि फंडाच्या नंबरावर घालवावी लागतील. बँक पगाराची पावती मागते, घरात विडी वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बाईकडे ती कधीच नसते. फंडाचा उतारा हा तिचा एकमेव कागद असतो, ज्यावरून ती कमावते हे परक्या माणसाला दाखवता येतं.

त्यानंतर जमीन. आणि जमीन घेताना बसच्या रस्त्यापासूनचं अंतर, पाण्याची शक्यता आणि किती जणांचं काम त्या बाजूला आहे, हे भावाआधी पाहावं. स्वस्तात मिळालेली लांबची जमीन पुढे वीस वर्षं रिक्षाभाड्यातून आपली किंमत वसूल करते.

हप्ता ठरवताना कुटुंबाच्या मिळकतीतून आधी रेशन, औषध आणि शाळा वजा करून उरलेल्या रकमेतला काही भागच धरावा, आणि वर्षातले दोन महिने काम नसेल असं गृहीत धरावं. विडीत ते असतंच, मागावरही असतं. बँकेला हे पटवणं अवघड आहे. पण कुटुंबानं स्वतःशी तरी हा हिशेब मांडलेला असावा. गटानं एकत्र बसून, प्रत्येकीची वही उघडून हा हिशेब केला तर कुणाला किती कर्ज झेपेल ते तिथल्या तिथे कळतं. ज्या बाईला झेपणार नाही तिला सरळ तसं सांगायलाही जिवाभावाची माणसं लागतात.

शेवटी म्हातारपणाचा हिशेब राहतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान पेन्शन २०१४पासून महिना एक हजार रुपये आहे, आणि आयुष्यभर विडी वळलेल्या बाईला त्याच्याच आसपास पेन्शन बसते. ती वाढावी म्हणून सोलापुरात पेन्शनर बायका अजूनही मोर्चे काढतात. गोदूताई वसाहतीत राहणारी, कर्ज फिटलेली बाई हजार रुपये, रेशनचं धान्य आणि मुलांचा थोडा आधार यांवर कसंबसं भागवू शकते, कारण तिला भाडं नाही. रे नगरमध्ये पन्नाशीत घर घेतलेल्या बाईचा हप्ता पासष्टीपर्यंत चालणार आहे आणि तोवर तिची बोटं विडी वळायची थांबलेली असतील. तेव्हा पेन्शन हजारच असली, तर तो हप्ता मुलगा भरेल की घर जाईल, हे ठरवायची वेळ त्या कुटुंबावर येईल. पेन्शनवाढीची मागणी आणि घराची मागणी सोलापुरात एकाच बायका करतात, पण त्यांची फाइल दोन वेगळ्या खात्यांत फिरते. रे नगरच्या उरलेल्या घरांचं कर्ज ठरवताना निदान संस्थेच्या पातळीवर तरी कर्जदाराचं वय आणि तिची अपेक्षित पेन्शन हप्त्याच्या मुदतीशेजारी मांडून पाहायला हवी.